मुका रिमोट

सरांनी रिमोट पडद्याकडे रोखून तीनदा दाबला. पडदा हलला नाही, आणि तो हलणारही नव्हता. हॉलच्या मागच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या बाईंची नजर सरांच्या अंगठ्यावर होती. तिसऱ्यांदा अंगठा खाली गेला तसं त्यांनी कीबोर्डवरची एक कळ हलकेच दाबली, आणि बेचाळिसावी स्लाइड जाऊन एकसष्टावी आली. कारण सर बोलत होते तान्ह्या बाळांबद्दल आणि बेचाळिसाव्या स्लाइडवर होतं म्हाताऱ्यांचं हृदय.

"तर दहा किलोच्या आतलं मूल टेबलावर आलं," सर म्हणाले, "की हे औषध किलोमागे पाच मिली द्यायचं."

पडद्यावर ठळक अक्षरांत होतं, अर्धा मिली. शिकाऊ डॉक्टरांची पेनं थांबली. कुणी पडद्याकडे बघितलं, कुणी सरांकडे. सरांनीही मान वळवून पडदा वाचला.

"अर्धा," ते म्हणाले. "बघत होतो, जेवणानंतर कोण जागं आहे ते."

हॉल खळखळून हसला. सरांच्या तासाला पोरं अशीच हसत. बाई मात्र हसल्या नाहीत. पडदा वाचताना सरांचा चेहरा काचेतून त्यांनी नीट पाहिला होता. तो परीक्षा घेणाऱ्याचा चेहरा नव्हता. फळ्यावरचं उत्तर वाचून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या मुलाचा होता.

उरलेली पंचवीस मिनिटं बाईंनीच तास ओढून नेला. सर रिमोट दाबत होते आणि बाई कळा दाबत होत्या. टाळ्या झाल्या. सरांनी नेहमीसारखा काचेकडे हात उंचावला. बाईंनीही उंचावला.

बाई या हॉस्पिटलात लागल्या त्या टायपिस्ट म्हणून, केसपेपरच्या विभागात. पुढे हॉलमध्ये स्लाइड बदलायला माणूस हवा झाला तेव्हा कुणी तयार होईना, म्हणून बाईंना पाठवलं. चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई तिथे बावीस वर्षं राहिल्या. सुरुवातीला गोल डब्यात एकेक चौकोनी फिल्म उलटी बसवायची, चुकून सुलटी बसली तर पडद्यावर पेशंट डोक्यावर उभा. मग कॉम्प्युटर आला. डॉक्टर लोक व्यासपीठावरून "पुढं, पुढं, मागं, अजून मागं" असं ओरडत राहायचे, आणि बाईंना वाटायचं, हे असं बैल हाकल्यासारखं कशाला? एकदा हॉल रिकामा असताना त्यांनी सहज स्लाइडचा आकडा दाबला आणि एंटर दाबलं. मधल्या तीस स्लाइड न दाखवता थेट तीच स्लाइड आली. त्या दिवशी बाईंना झालेला आनंद ऐकायला घरी फक्त नवरा होता. त्याने ऐकला, पण त्याला तो कळला नाही.

तिथून त्या थांबल्याच नाहीत. ग्रंथालयातून पुस्तक आणलं, दुपारच्या रिकाम्या वेळेत हॉलच्या अंधारात एकट्या शिकत बसल्या. चार कळांचं काम एका कळीत बांधून ठेवता येतं, त्याला मॅक्रो म्हणतात, हे त्यांना समजलं. चार दोऱ्यांची एक गाठ. मग प्रत्येक डॉक्टरच्या सवयीप्रमाणे त्यांनी गाठी मारून ठेवल्या. हाडांचे डॉक्टर विषय सोडून आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगू लागले की एका कळीत पडदा काळा. कातडीच्या डॉक्टरीणबाई शेवटी हमखास पहिला फोटो पुन्हा मागत, त्याला दुसरी कळ. कुठली कळ कशाची, हे कळावं म्हणून रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावलेले. डॉक्टरांना वाटे, कॉम्प्युटर चांगला आहे. काम बिनबोभाट झालं की ते कुणी केलं हे कुणी विचारत नाही, आणि बाईंना त्याचं वाईटही वाटत नसे.

सरांची गोष्ट वेगळी. सर भुलीचे डॉक्टर, त्या विभागाचे प्रमुख. "भुलीचे सर कधी भुलत नाहीत," असं वॉर्डबॉयसुद्धा म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी बाईंची मुलगी पोट फाडून काढावी लागली तेव्हा डोक्याशी हेच सर बसले होते. तेव्हा तरुण होते, मिशी होती. बाई भीतीने दात वाजवत होत्या. सरांनी त्यांना आपली सायकल कशी चोरीला गेली ती हकीकत सांगायला घेतली. चोर सापडला, पण सायकल दुसरीच निघाली, आणि ती सरांच्या सायकलीपेक्षा चांगली होती. गोष्ट संपली तेव्हा मुलगी रडत होती. सरांना हे आठवत असण्याचं कारण नव्हतं, अशा कितीतरी जणींना त्यांनी सायकल सांगितली असेल. बाईंनीही कधी आठवण करून दिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाहेरगावच्या पाहुण्यांपुढे सर पहिल्यांदा चुकले. रिमोटने पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले, आणि कपाळावरचा घाम पुसत उभे राहिले. बाईंनी कशीबशी वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये दोन ओळी लिहिल्या. रिमोटचा इशारा आला की तो गिळून टाकायचा. पुढच्या एका तासापुरतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण त्या तासाला सर इतके सुंदर बोलले, की त्या ओळी पुसायला बाईंचा हात धजला नाही. तेव्हापासून सरांच्या हातातला रिमोट मुका होता, आणि सरांना ते माहीत नव्हतं.

बुधवारचा तो तास आटोपून बाई घरी आल्या खऱ्या, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजी निवडायला बसल्या आणि उठल्या. दार लावलंय का ते दोनदा बघून आल्या. चहा पुढ्यात ठेवून टेबलावर बोटं वाजवत राहिल्या.

"टेबल मोडेल," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली केलेला माणूस, स्वतः तळमजल्यावर राहणारा. "काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. पाच आणि अर्धा यांतला फरकही समजावला.

"आमच्यात असतं असं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "लिफ्टच्या दोराची एक तार तुटते, तरी गाडी चालते. दुसरी तुटते, तरी चालते. आतल्या माणसाला काही कळत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"गाडी बंद करतो. लोक शिव्या देतात, जिना चढतात."

"आणि ज्याला जिना चढवत नाही त्यानं काय करायचं?"

नवऱ्याने आपल्या कपातला चहा संपवला आणि बाईंचा गार झालेला कप उचलून गरम करायला नेला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मॅडम केबिनमध्ये आल्या. सरांच्या हाताखाली शिकून आता विभागात दुसऱ्या क्रमांकावर होत्या. सातवा महिना लागला होता, जिना चढून धाप लागली होती. बाईंनी खुर्ची पुढे केली.

"सोमवारी अकरा वाजता कमिटी आहे," मॅडम म्हणाल्या. "सर विभागाचं काम सादर करणार. मग त्यांना आणखी तीन वर्षं द्यायची की नाही ते ठरेल. म्हणजे देणारच आहेत, सगळ्यांना सर हवेतच."

"तयारी करून ठेवते."

मॅडम उठल्या नाहीत. कीबोर्डवरच्या रंगीत तुकड्यांकडे बघत राहिल्या.

"बाई, काल ते पाच म्हणाले. ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"आणि स्लाइड तुम्ही आणलीत. त्यांनी नाही."

मॅडमनी आवाज खाली आणला.

"मी पण तेच करते. ऑपरेशनच्या आधी त्यांनी भरलेली सिरिंज मी बघते. दोनदा बदलून ठेवली. त्यांना कळू न देता."

"म्हणजे तुम्ही पण," बाई म्हणाल्या.

"पंधरा दिवसांनी मी रजेवर जातेय."

आपण एकट्याच हे ओझं वाहतोय असं दोघींना वाटत होतं, आणि वाटेकरी भेटल्याने ते हलकं न होता उलट जड झालं होतं.

"तुम्ही का सांगत नाही वर?" बाईंनी विचारलं.

"मी सांगितलं तर म्हणतील, हिला खुर्ची हवी. आणि बाई, खरं सांगू? मला त्यांनीच शिकवलंय. पहिल्यांदा माझा हात थरथरला तेव्हा त्यांनी तो धरला होता, सगळ्यांसमोर ओरडले नाहीत. आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मॅडम गेल्यावर बाई सोमवारच्या स्लाइड लावायला बसल्या. चौऱ्याहत्तर स्लाइड. सर कुठे घसरतील, कुठल्या शब्दावर कुठली कळ लागेल, असा अंदाज घेत त्यांनी अकरा गाठी मारल्या. इतकं नेटकं काम त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं. सर तोंडाला येईल ते बोलले तरी पडदा त्यांना सावरून धरणार होता. बाराव्या गाठीला बाईंचा हात थांबला. ऑपरेशनच्या खोलीत केबिन नसते. तिथे पडदा नसतो, टेबलावर माणूस असतो. आणि सोमवारी या अकरा कळा दाबून आपण सरांना त्या खोलीत आणखी तीन वर्षं पाठवणार आहोत.

शुक्रवार त्यांनी तळमळत काढला. तीनदा सरांच्या खोलीपर्यंत गेल्या आणि तीनदा वळल्या. एकदा शिपायाने विचारलं, "काही हरवलंय का बाई?" शनिवारी सकाळी मात्र दार ढकलून सरळ आत गेल्या. थांबल्या असत्या तर पाय पुन्हा मागे फिरले असते.

"या बाई," सर म्हणाले. "सोमवारचं सगळं तयार?"

"तयार आहे." बाई उभ्याच राहिल्या. "सर, एक सांगायचंय. तुमच्या हातातला रिमोट चालत नाही."

"मग दुसरा मागवू."

"रिमोट चांगला आहे. मीच बंद केलाय. स्लाइड मी चालवते."

सरांनी चष्मा काढला. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, एक चाक किरकिरत होतं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"का?"

या एका शब्दाचं उत्तर बाईंनी दोन दिवस घोकलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना. "तुम्ही चुकायला लागलात म्हणून," त्या म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही बाळाला पाच मिली सांगितलंत. तुम्ही पोरांना तपासत नव्हता, सर. मी तुमचं तोंड बघत होते."

सर उठून खिडकीशी गेले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. बावीस वर्षांत ते बाईंशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत, पण आवाजात धार होती.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग कळा दाबणाऱ्या माणसानं कळा दाबाव्यात. सोमवारी रिमोट चालला पाहिजे. आणि तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही. एकदाही नाही. कळलं?"

"कळलं," बाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना वाटलं, सायकलीचं सांगावं, मी तुमचं वाईट चिंतणारी नाही हे सांगावं. पण ते आता वशिला लावल्यासारखं झालं असतं. त्या गेल्या.

त्याच दुपारी त्यांनी दोन ओळी पुसल्या. अकराही गाठी सोडल्या. कळा पुन्हा नुसत्या कळा झाल्या.

सोमवारी हॉलच्या पुढच्या दोन रांगा कमिटीने भरल्या होत्या. मध्ये अध्यक्ष, एका टोकाला पोटावर हात ठेवून धाकट्या मॅडम. सर इस्त्रीच्या कोटात आले. काचेकडे त्यांनी बघितलं नाही. रिमोट उचलून दाबला, आणि स्लाइड पुढे गेली.

पहिली दहा मिनिटं सर छान बोलले. बाईंना क्षणभर वाटलं, आपण उगाच मनाचे खेळ केले, सर ठणठणीत आहेत. त्यांना आनंद झाला आणि त्या आनंदाची भीतीही वाटली. मग सर म्हणाले, "आता लहान मुलांचा विभाग," आणि पडद्यावर आला खर्चाचा तक्ता. सरांनी रिमोट दाबला. यंत्रांची यादी. पुन्हा दाबला. मागे गेले. पुन्हा खर्चाचा तक्ता. पुढे, पुढे, मागे. सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, जणू तो दिसला नाही तर बरं.

लहान मुलांचा विभाग अठ्ठावीस नंबरला होता. दोन, आठ, एंटर. बाईंच्या बोटांना तो आपोआप आठवला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

हॉलमध्ये खोकले उठले. कुणीतरी कागद चाळले. अध्यक्ष भला माणूस होता, त्याला सरांची अडचण यंत्राची वाटली. तो मागे वळला आणि काचेकडे बोट करून म्हणाला, "बाई, जरा पुढं घ्या ना तुम्ही."

सगळ्या माना वळल्या. इतकी माणसं एकाच वेळी केबिनकडे कधीच बघत नसत. बाईंचे हात मांड्यांखालून सुटून कीबोर्डपर्यंत आले. त्यांनी सरांकडे पाहिलं. व्यासपीठावरून सर त्यांच्याकडेच बघत होते. त्या नजरेत शनिवारची धार नव्हती. त्यांना मदत हवी होती, हे बाईंना स्पष्ट दिसलं, आणि त्यांचा हात जिथे होता तिथेच राहिला. कळ कुणी दाबली नाही.

"नको," सर म्हणाले. "त्यांना मीच मना केलंय."

माना पुन्हा पुढे वळल्या.

"पुढं काय आहे ते मला माहीत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखा होता, तासाला असायचा तसा. "पडद्यावर आलं की आठवतं. यायच्या आधी आठवत नाही. गेले काही महिने त्या मला ते आणून देत होत्या. मला शनिवारी कळलं. मला राग आला. घरी जाऊन मी औषधांच्या मात्रा लिहून बघितल्या, वीस. सात चुकल्या."

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"आज दुपारी माझ्या नावावर दोन केसेस आहेत. त्या दुसऱ्याकडे द्या. उद्याच्याही द्या. तीन वर्षांचा कागद तुम्ही केलाच असेल तर बाजूला ठेवा." ते थांबले, मग म्हणाले, "लहान मुलांच्या विभागाचं काम यंदा चांगलं झालंय. मॅडम सांगतील." आणि रिमोट घेऊन ते रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले, मॅडमच्या हातात दिला, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

मॅडमना उठायला वेळ लागला. सरांनी त्यांना उठताना कोपराला आधार दिला.

पुढे जे व्हायचं ते झालं. वर्षभराचे केसपेपर तपासले गेले. कुणाला इजा झाल्याचं आढळलं नाही, आणि त्याचं श्रेय कुणाचं हे कागदावर आलं नाही. बाईंना मात्र पत्र मिळालं, 'सादरीकरणाच्या साधनांमध्ये विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल सक्त ताकीद.' नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "इतक्या वर्षांत तुझ्या कामाची लेखी दखल पहिल्यांदाच घेतली." बाईंना हसू आलं, मग रडू आलं, आणि तो पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

हॉस्पिटलात दोन तट पडले. बाईंनी वेळेवर बोलायला हवं होतं असं काहींचं म्हणणं, तर बाईंनीच सरांना घालवलं असं काहींचं. एकदा जिन्यात सरांची पत्नी समोरून आली आणि मान फिरवून निघून गेली. बाईंना ते लागलं, पण त्या माउलीचा राग आला नाही. घरी सरांना सांभाळणं तिच्या वाट्याला आलं होतं. रात्रंदिवस कळीवर बोट ठेवून बसल्यासारखं ते काम असणार, हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांची स्वतःची बेचैनी मात्र गेली नाही. उन्हाळ्यातच बोलले असते तर? किंवा कधीच बोलले नसते तर? भांडी घासताना, बसची वाट बघताना हा हिशोब त्या मांडत आणि मोडत. ताळा कधीच जमला नाही.

आठ-नऊ महिने गेले. धाकट्या मॅडमना मुलगा झाला, रजा संपवून त्या कामावर आल्या आणि बुधवारचा तास त्यांच्याकडे आला. त्या दिवशी तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, केबिनचं दार कुणीतरी वाजवलं. सरांची पत्नी उभी होती, मागे सर. कोट नव्हता, स्वेटर होता. अंगाने उतरले होते, दाढी मात्र नीट केलेली.

"यांना इथंच यायचं होतं," ती म्हणाली. बाईंकडे तिने अजून सरळ बघितलं नव्हतं. "सकाळपासून धोशा लावलाय. तासाभरानं नेते. चालेल?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "बसा, सर."

पत्नीने सरांना खुर्चीवर बसवलं, स्वेटरचं बटण लावलं, आणि जाता जाता बाईंच्या खांद्याला ओझरता हात लावून गेली.

सर काचेतून पडद्याकडे बघू लागले. मॅडम तान्ह्या बाळांबद्दल बोलत होत्या. स्लाइड सरांच्याच होत्या. मॅडमनी फक्त दोनचार आकडे नवे घातले होते. सर एकेक ओळ ओठ हलवत वाचत होते, शाळेतल्या मुलासारखी.

"हे कुणी केलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही, सर."

सरांनी यावर विचार केला. मग मान डोलावली. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण अक्षर बारीक झालंय. मागच्या पोरांना दिसत नसेल."

"मोठं करू?"

"करा ना."

बाईंनी अधिकची कळ दाबली. पडद्यावरची अक्षरं फुगून पुढे आली. व्यासपीठावर मॅडम बोलता बोलता थांबल्या, केबिनकडे वळून बघितलं, काचेमागे दोन माणसं दिसली तशा क्षणभर तिथेच थबकल्या, आणि मग त्याच मोठ्या अक्षरांवर काठी ठेवून पुढे शिकवू लागल्या.